बांदोलची लाल वाईन: पहिली बाटली घेणाऱ्यांसाठी

लाल वाईन गोड असते, ही समजूत आपल्याकडच्या पुष्कळ घरांत गोव्याहून आलेल्या पोर्टच्या बाटलीने रुजवलेली आहे. बांदोलच्या पहिल्याच घोटाला ती मोडते. दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय आणि तुलों या दोन बंदरांच्या मधल्या किनाऱ्यावर तयार होणारी ही वाईन गडद, कोरडी, तुरट आणि अंगाने भरदार असते. तिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते आणि मद्याचे प्रमाण बहुधा 14 टक्क्यांच्या आसपास असते. तिच्या वाटेला पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणती बाटली निवडावी, ती घरी कशी आणावी, कधी व कशी उघडावी आणि कशाबरोबर प्यावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

माझी पहिली बाटली मी वाया घालवली. एका स्नेह्याने फ्रान्सहून आणून दिलेली जेमतेम तीन वर्षांची ती बाटली मी पुण्यात मे महिन्यात, दिवसभर ओट्यावर ठेवून, पाहुणे आल्या आल्या उघडली आणि झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर वाढली. कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी सगळ्यांची तोंडे आवळली, घशात आग झाली आणि अर्धी बाटली तशीच राहिली. दोष वाईनचा नव्हता. तिला प्रत्येक टप्प्यावर जो अवधी लागतो, तो मी कुठेच दिला नव्हता. पुढच्या बहुतेक सूचना त्या एका संध्याकाळच्या चुका उलट्या करून लिहिल्या आहेत, असे म्हटले तरी चालेल.

आधी नाव आणि गाव

बांदोल हे मुळात बंदराचे नाव. आतल्या टेकड्यांवर पिकलेली वाईन लाकडी पिंपांत भरून या बंदरातून जहाजांवर चढवली जाई आणि त्या पिंपांवर बंदराच्या नावाचे पहिले अक्षर डागलेले असे. त्यामुळे माल ज्या गावांचा, त्यांच्याऐवजी नाव बंदराचे झाले. प्रत्यक्ष द्राक्षमळे किनाऱ्यापासून थोडे आत, ल कास्तले, ला कादिएर दाझ्यूर, सँ-सीर-स्यूर-मेर, सानारी, ओलिउल अशा आठ गावांच्या हद्दीत पसरलेले आहेत. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांसारख्या दगडी बांधांच्या ताली इथे टेकड्यांवर चढत जातात. स्थानिक लोक त्यांना रेस्तांक म्हणतात. कोकणात वरकस जमिनीवर घातलेल्या ताली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

इथल्या लाल वाईनचा कणा म्हणजे मूर्वेद्र नावाचे द्राक्ष. स्पेनमध्ये यालाच मोनास्त्रेल म्हणतात. मण्यांची साल जाड, रंग काळपट निळा आणि पिकण्याचा वेग अतिशय मंद. ‘मूर्वेद्रला डोके उन्हात आणि पाय पाण्यात लागतात’ असे प्रोव्हान्समध्ये म्हणतात, कारण त्याला भरपूर ऊन हवे असते आणि तरीही मुळांशी ओल टिकलेली हवी असते. बांदोलचा किनारा या दोन्ही गरजा भागवतो: वर्षाला सुमारे 3,000 तास ऊन, चुनखडीची आणि चिकणमातीची जमीन, दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा आणि मधूनमधून उत्तरेकडून घोंगावत येणारा मिस्त्राल, जो पानांवरचे दव झटकून टाकतो. ज्या नाशिककर बागायतदाराने डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या धास्तीने ढगाळ रात्री जागून काढल्या आहेत, त्याला त्या कोरड्या वाऱ्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

1941 साली बांदोलला फ्रान्सच्या कायद्यानुसार नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला, म्हणजे त्याच भागात, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच ते नाव लावता येते. त्याच्या नियमांपैकी नवख्या ग्राहकाने चार लक्षात ठेवावेत. लाल वाईनमध्ये किमान निम्मे मूर्वेद्र असावे लागते आणि बाकीचा भाग मुख्यतः ग्रनाश व सँसो या द्राक्षांचा असतो. घड हातानेच खुडावे लागतात. उत्पादन हेक्टरी 40 हेक्टोलिटरच्या वर जाता येत नाही, म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी साधारण 1,600 लिटर. आणि ती लाल वाईन किमान 18 महिने लाकडी पिंपात राहिल्याशिवाय विकता येत नाही. हा शेवटचा नियमच बाटलीच्या किमतीचे आणि स्वभावाचे बरेचसे स्पष्टीकरण देतो. दीड वर्ष माल अडकवून ठेवणे ज्या घरांना परवडते, तीच घरे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करू शकतात.

घराणे निवडणे

बांदोलमधील नावाजलेले बहुतेक मळे अजून कुटुंबांच्या मालकीचे आहेत आणि त्यांच्या वाईनमध्ये घरागणिक फरक पडतो. त्यामुळे फक्त ‘बांदोल’ एवढे वाचून बाटली उचलू नये, घराचे नाव पाहावे. सगळी नावे पाठ करण्याची गरज नाही, तीन पुरेत.

पहिले दोमेन तॉंपिए. 1834 पासून हा मळा एकाच कुटुंबात आहे. लुसी तॉंपिए, जिला सगळे ल्यूल्यू म्हणत, हिचे लग्न 1936 साली ल्यूसियँ पेरो यांच्याशी झाले आणि काही वर्षांनी हा मळा त्यांच्या हाती आला. फिलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या जुन्या वेली मारल्या होत्या, आणि नंतर शेतकऱ्यांनी मूर्वेद्र सोडून भरघोस पिकणाऱ्या हलक्या जाती लावल्या होत्या. त्या किडीच्या आधीच्या काळातली एक जुनी बाटली सासऱ्यांनी जावयाला चाखवली आणि या मातीत मूर्वेद्रच परत लावले पाहिजे हे ल्यूसियँच्या मनाने घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. एवढे खरे की बांदोलला उगमनामाचा दर्जा मिळवण्यात आणि पुढे मूर्वेद्रचे किमान प्रमाण वाढवत नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ल्यूल्यू बाई स्वयंपाकासाठी आणि आतिथ्यासाठी ख्यातनाम होत्या. 2020 साली वयाच्या 102 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तॉंपिएची नेहमीची लाल वाईन ही पहिल्या बाटलीसाठी उत्तम, पण तिची मागणी मोठी आणि किंमतही तशीच. ला मिगुआ, ला तुर्तीन, काबासाऊ ही नावे छापलेल्या बाटल्या त्याच घराच्या वेगवेगळ्या उतारांवरच्या असतात. त्या नंतरसाठी ठेवाव्यात.

दुसरे शातो प्रादो. पोर्तालिस कुटुंबाकडे हा मळा 1752 पासून आहे. नेपोलियनच्या नागरी संहितेच्या कर्त्यांपैकी एक असलेले पोर्तालिस याच घराण्यातले. येथील लाल वाईन जवळजवळ संपूर्ण मूर्वेद्रची असते आणि मोठ्या जुन्या पिंपांत नियमापेक्षा कितीतरी अधिक काळ, तीन-चार वर्षेसुद्धा, राहते. परिणामी ती तरुणपणी इतकी कठोर लागते की नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

तिसरे शातो द पिबार्नों. सँ-व्हिक्तोर कुटुंबाने 1970 च्या दशकात उभारलेला हा मळा सुमारे 300 मीटर उंचीवर आहे आणि उंचीमुळे येथील वाईनला थोडी नजाकत येते. तॉंपिएची बाटली मिळाली नाही, तर सुरुवातीला मी हिची शिफारस करीन.

लेबल वाचताना घराच्या नावाखेरीज दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे वर्ष: ते द्राक्षे खुडल्याचे वर्ष असते, बाटली भरल्याचे नव्हे. दुसरी म्हणजे ‘मिझ आँ बुतेय ओ शातो’ किंवा ‘ओ दोमेन’ अशा अर्थाची ओळ. तिचा अर्थ वाईन मळ्यातच बाटलीत भरली, व्यापाऱ्याने पिंपे विकत घेऊन भरलेली नाही. दुकानात बांदोलची रोजे, म्हणजे गुलाबी वाईन, अधिक दिसेल, कारण इथल्या उत्पादनाचा मोठा हिस्सा तोच असतो. ती चांगली असते, पण या लेखाचा विषय ती नाही. घाईत चुकीची बाटली उचलू नये म्हणून एवढे सांगितले.

मळ्यावर जाऊन घेणे आणि घरी आणणे

फ्रान्सला जाणे होत असेल, तर मार्सेयच्या सँ-शार्ल स्थानकावरून बांदोलला तासाभरात आगगाडीने पोहोचता येते. स्थानकाबाहेर पडून मळे शोधत फिरू नये. ते डोंगराकडे काही किलोमीटर आत आहेत, त्यामुळे भाड्याची गाडी किंवा टॅक्सी ठरवावी. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन घोट थुंकायचा असतो. त्यासाठी तिथे भांडे ठेवलेले असते आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. लहान घराण्यांकडे आधी फोन किंवा ईमेल करून वेळ घ्यावी, आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा शक्यतो टाळावा, कारण तेव्हा खुडणी चालू असते आणि घरातली सगळी माणसे मळ्यात असतात. आत शिरताना ‘बोंजूर’ म्हणायला विसरू नये. दारातच भाव विचारणाऱ्याला जे स्वागत मिळते ते आपल्याकडच्या वाड्यातही मिळाले नसते.

भारतात परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला शुल्क न भरता 2 लिटरपर्यंत मद्य आणता येते. म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात, तिसरी बसत नाही. बाटल्या चेक-इनच्या बॅगेतच ठेवाव्यात, कारण मळ्यावर घेतलेली बाटली सुरक्षा तपासणीतून हातातल्या बॅगेत जाऊ देत नाहीत. प्रत्येक बाटली आधी घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग जाड कापडात गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवावी; मी सोलापुरी चादर वापरतो आणि आजवर एकही बाटली फुटलेली नाही. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवान्याची व वयाची अट कायद्याने घातलेली आहे, तीही पाळावी.

बाटली ठेवावी कुठे

वाईनचे शत्रू तीन: उष्णता, उजेड आणि तापमानातला चढउतार. फ्रान्समधल्या तळघरात वर्षभर 12 ते 14 अंश सेल्सिअस तापमान असते. आपल्याकडे नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर ते 40 अंशांच्या घरात जाते आणि तिथे ठेवलेली बाटली दोन-तीन महिन्यांत शिजते. ‘शिजते’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो; अशा वाईनला मुरांब्यासारखा जड, बेचव गोडसर वास येतो. वाईनसाठीचे वेगळे कपाट घरात नसेल, तर फ्रिजच्या सर्वांत खालच्या, भाजीच्या कप्प्याजवळच्या जागी बाटली आडवी ठेवावी. हा उपाय काही महिन्यांपुरता चांगला चालतो. बांदोल दहा-पंधरा वर्षे मुरवायची हौस असेल, तर आपल्या हवेत यंत्राशिवाय ते साधत नाही, आणि तेव्हा मुरलेलीच बाटली विकत घेणे शहाणपणाचे ठरते.

किती वर्षांची बाटली उघडावी? चांगल्या घराण्याची लाल बांदोल आठ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान खरी बोलू लागते. तीन-चार वर्षांची उघडायची असेल तर उघडावी, पण तिला हवा द्यावी लागेल. त्याकडे आता वळू.

उघडण्याचा दिवस

बाटली आडवी असेल तर आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुन्या बांदोलमध्ये गाळ असणारच. तो बिघाड नव्हे.

वाढण्याचे तापमान 16 ते 18 अंश असावे. ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम दगडी भिंतींच्या, थंड युरोपीय घरांत तयार झालेला आहे. आपल्या दिवाणखान्याला तो लागू नाही. उन्हाळ्यात बाटली बाहेर असेल तर ती 40 मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, आणि फ्रिजमधून काढलेली असेल तर अर्धा तास बाहेर. गरम वाईनमध्ये मद्याची झळ नाकाला आधी लागते आणि बाकीचे सगळे वास मागे पडतात.

बूच काढल्यावर आधी थोडीशी वाईन पेल्यात घेऊन हुंगावी. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट गोणपाटाचा वास आला आणि पाच-दहा मिनिटांनी तो वाढतच गेला, तर बूच दूषित होते असे समजावे. ती बाटली हवा देऊन सुधारत नाही. मात्र गोठ्याचा, कातड्याचा, रानटी म्हणावा असा वास आला तर घाबरू नये. मूर्वेद्रचा तो अंगचा स्वभाव आहे आणि बहुतेक वेळा तासाभरात तो मागे हटून त्याच्या जागी काळ्या फळांचा वास येतो. नवखा माणूस इथेच हमखास फसतो आणि चांगली बाटली मोरीत ओततो.

तरुण बाटली पिण्याआधी दोन तास रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवावी. खास डिकँटर नसला तर पाण्याचा स्वच्छ काचेचा जग चालतो. स्टीलचा जगही नाइलाजाने चालेल, पण तांब्या-पितळेचे भांडे कदापि वापरू नये. ज्या कारणाने आमटी-कढी बिनकल्हईच्या भांड्यात कळकते, त्याच कारणाने आंबट वाईनही कळकते. जुनी, पंधरा वर्षांपुढची बाटली असेल तर ती पिण्याच्या अगदी आधी, सावकाश, मागे दिवा धरून ओतावी आणि बाटलीच्या खांद्याशी गाळाची काळी रेघ सरकलेली दिसताच थांबावे. अशा बाटलीला दोन तास हवा दिली, तर जे थोडे नाजूक वास उरलेले असतात तेही उडून जातात.

चव घेताना

पेला एक तृतीयांशच भरावा आणि गोल फिरवून हुंगावा. वासांची फ्रेंच यादी पाठ करण्यात अर्थ नाही. आपल्या नाकाला जे ओळखीचे आहे त्यानेच सुरुवात करावी. मला बांदोलमध्ये पिकलेली काळी करवंदे आणि जांभळे सापडतात, त्यामागे काळे ऑलिव्ह, आणि मग उन्हात तापलेल्या माळावरच्या झुडपांचा कोरडा, औषधी वास. बांदोलच्या टेकड्यांवर रानटी थाइम उगवते आणि थाइमचा व आपल्या ओव्याचा वास ज्या द्रव्याचा, ते थायमॉल एकच आहे; ओव्याची मूठ चोळून आधी हुंगावी आणि मग पेला, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

तोंडात घेतल्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला शिकावे. पहिली, वजन. ताक आणि सायीचे दूध यांत जिभेला जो फरक जाणवतो तो चवीचा नसून अंगाचा असतो. भरदार वाईन म्हणजे दुधाच्या बाजूची. दुसरी, तुरटपणा. हा आपल्या षड्‌रसांपैकीच एक, त्यामुळे मराठी माणसाला तो नव्याने शिकावा लागत नाही: सुपारी, कच्चे केळे, बिनदुधाचा कडक चहा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, आणि मूर्वेद्रची साल जाड असल्यामुळे इथे तो जास्त असतो. तरुण बाटलीत तो हिरड्यांवर खरखरीत लागतो, मुरलेल्या बाटलीत मखमलीसारखा. एकदम बांदोलवर पैसे घालण्याआधी हा सराव नाशिकच्या एखाद्या चांगल्या, पिंपात मुरलेल्या शिराझवर करावा. ते द्राक्ष वेगळे असले तरी वजन आणि तुरटपणा ओळखायला पुरेसे आहे आणि खिशालाही सोसते.

ताटात काय असावे

समुद्राकाठची वाईन म्हणून मासळीबरोबर जाईल, असे कोकणी मनाला सहज वाटते. तसे होत नाही. समुद्री मासळीबरोबर तुरट लाल वाईन प्यायली की तोंडात लोखंडासारखी चव उतरते. बांदोलचे लोकही मासळीबरोबर आपली गुलाबी वाईनच पितात आणि लाल वाईन कोकराच्या भाजलेल्या मांडीसाठी किंवा वाईनमध्येच तासन्‌तास मुरवून शिजवलेल्या मांसासाठी राखतात.

आपल्या स्वयंपाकातले नियम त्यावरून काढता येतात. स्निग्धता आणि प्रथिने तुरटपणाला गिळतात, तिखट त्याला भडकवते. म्हणून तांबडा रस्सा बाद, पांढरा रस्सा योग्य. मिरची हात राखून, काळी मिरी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्यावर केलेले सुके मटण फार सुंदर जमते. शाकाहारी ताटात चुलीवर किंवा गॅसवर करपवून सोललेल्या वांग्याचे भरीत, त्यात हिरवी मिरची अगदी नावाला आणि तेल सढळ, ही माझ्या मते सगळ्यांत चांगली जोडी आहे, कारण धुराचा वास दोघांत सारखा आहे. अळंबीची सुकी भाजीही चालते. चिंच, कोकम आणि गूळ मात्र दूर ठेवावेत. गुळाच्या आमटीनंतर हीच वाईन चुन्यासारखी लागते.

एका बाटलीत 125 मिलिलिटरचे सहा पेले होतात. चार माणसांना जेवणाबरोबर ती पुरते आणि पुरावीच, कारण या वाईनचे मद्य हलके नाही.

उरलीच, तर बूच उलटे न बसवता मूळ बाजूनेच घट्ट दाबून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. तरुण बांदोल दुसऱ्या दिवशी बिघडत नाही. उलट आदल्या रात्रीचा खरखरीतपणा उतरून करवंदाचा वास पुढे आलेला असतो. दोन दिवसांहून अधिक ठेवू नये. तिसऱ्या दिवशी उरलेली वाईन मटणाला आदल्या रात्री लावायच्या मसाल्यात घालावी, आणि तळाचा गाळ असलेला शेवटचा घोट तेवढा टाकून द्यावा.